कांटचा परका : अतिथी, पाहुणा की अभ्यागत?

प्रश्न असा आहे : जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटच्या १७९५ सालच्या चिरशांतीविषयक निबंधात ‘हॉस्पिटालिटेट’ हा जो जर्मन शब्द येतो, त्याला मराठीत ‘आतिथ्य’ म्हणावे का, आणि स्थलांतरितांच्या हक्कांवरील लेखाला ‘वसुधैव कुटुंबकम्’ हे शीर्षक द्यावे का? माझ्या मते पहिल्या शब्दाने कांटचा मुद्दा निसटतो आणि दुसऱ्या वचनाने तो झाकला जातो.

निबंधाच्या तिसऱ्या निर्णायक कलमात कांट सांगतो, की विश्वनागरी हक्क हा सार्वत्रिक ‘हॉस्पिटालिटेट’च्या अटींपुरता मर्यादित असावा, आणि लगेच बजावतो, की येथे प्रश्न भूतदयेचा नसून हक्काचा आहे. परक्या भूमीवर पाऊल ठेवले एवढ्याच कारणासाठी आपल्याला शत्रूसारखे वागवले जाऊ नये, हा त्या परक्याचा हक्क. यजमान त्याला परत पाठवू शकतो, पण तसे करण्याने त्याचा नाश ओढवणार नसेल तरच. या हक्काचा आधार कांट यजमानाच्या औदार्यात शोधत नाही, तो पृथ्वीच्या आकारात शोधतो : पृथ्वी गोल आहे, माणसे तिच्यावर अनंत अंतरापर्यंत पांगू शकत नाहीत, शेवटी त्यांना एकमेकांच्या शेजारी नांदावेच लागते, आणि मुळात भूमीच्या एखाद्या तुकड्यावर कोणाचाही दुसऱ्याहून अधिक हक्क नसतो.

‘आतिथ्य’ या शब्दाची अडचण येथे सुरू होते. आतिथ्य करायचे असते ते यजमानाने. त्याचे पुण्य त्याला, न केल्याचा दोषही त्याला. अतिथी ते मागून घेऊ शकत नाही. मनुस्मृती अतिथीची व्याख्या एका रात्रीच्या मुक्कामावरून करते, म्हणजे तात्पुरतेपणा या शब्दात आहे आणि तेवढ्यापुरता तो कांटला जवळचाही आहे. पण हक्काची धार त्यात नाही. शिवाय कांट दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या काढतो. भेटीचा हक्क, म्हणजे ‘बेझुख्सरेख्ट’, हा सर्व माणसांना आहे. ‘गास्टरेख्ट’, म्हणजे काही काळ घरातलाच एक होऊन राहण्याचा हक्क, हा मात्र आपोआप मिळत नाही. त्यासाठी यजमानाने आपखुशीने वेगळा करार करावा लागतो. ‘आतिथ्य’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला, तर हा भेद मराठी वाचकाला दिसणारच नाही.

दुसऱ्या हक्कासाठी ‘पाहुणा’ अगदी चपखल आहे, कारण मराठीत पाहुणा हा बहुधा सोयरा असतो किंवा सोयऱ्यासारखा मानलेला असतो, आणि त्याच्या मुक्कामाची मुदत यजमानच ठरवतो. ‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण ‘गास्टरेख्ट’वरचे भाष्य म्हणून सहज खपेल. पहिल्या हक्कासाठी मी ‘अभ्यागत’ सुचवीन. ‘अतिथी-अभ्यागत’ या जोडीतला हा दुसरा, काहीसा दुर्लक्षित शब्द सरकारी मराठीने टिकवून धरला आहे : अभ्यागत कक्ष, अभ्यागत प्राध्यापक, रुग्णालयांची अभ्यागत समिती. समोर येऊन उभा राहिलेला, एवढेच त्यातून कळते. त्याचे स्वागत व्हावे की नाही, याबद्दल शब्द काहीच बोलत नाही. एरवी हा रूक्षपणा मला खटकला असता. येथे तोच हवा आहे.

हक्क केवळ भेटीपुरता ठेवण्याची ही काटकसर कांटने का केली, हेही पाहण्यासारखे आहे. याच कलमात तो युरोपीय व्यापारी राष्ट्रांवर तुटून पडतो : त्यांच्या लेखी परदेशाला ‘भेट’ देणे आणि तो जिंकणे यांत फरकच नव्हता. हिंदुस्थानाचा तो नावानिशी उल्लेख करतो. तेथे वखारी घालण्याच्या निमित्ताने परके सैन्य आणले गेले आणि रहिवाशांवर जुलूम झाला, असे तो लिहितो. चीनने परक्यांना दारापर्यंत येऊ दिले पण आत घेतले नाही, आणि जपानने केवळ डचांना तेवढी मुभा देऊन त्यांनाही कैद्यांसारखे वेगळे ठेवले, याला तो शहाणपण म्हणतो. म्हणजे भेटीच्या हक्काची मर्यादा आल्या माणसाला जाचक वाटली, तरी तिचा मूळ रोख वखारवाल्यांवर होता. आज तीच मर्यादा श्रीमंत देशांच्या सीमांच्या समर्थनार्थ वापरली जाते.

‘वसुधैव कुटुंबकम्’ हे वचन महोपनिषदातही आहे, पण हितोपदेशातला त्याचा प्रसंग स्थलांतराच्या वादाशी थेट जुळतो. हरिणाशी मैत्री करून त्याच्या वस्तीत शिरू पाहणाऱ्या कोल्ह्याला कावळा हरकत घेतो : ‘अज्ञातकुलशीलस्य वासो देयो न कस्यचित्’, ज्याचे कुळशील ठाऊक नाही त्याला थारा देऊ नये. कोल्हा चिडून विचारतो, की हरणाची पहिली भेट झाली त्या दिवशी तूही अज्ञातकुलशीलच होतास ना? आणि मग ‘अयं निजः परो वेति’ (हा आपला, तो परका) हा श्लोक म्हणतो, ज्याचा शेवट ‘वसुधैव कुटुंबकम्’ने होतो. पुढे कोल्हा दगा देतो, हरिण जाळ्यात सापडते आणि कावळ्याच्या युक्तीने सुटते. बोलणारा लबाड होता म्हणून त्याचा प्रश्न खोटा ठरत नाही; आधी आलेल्याला नंतर येणाऱ्याला अडवण्याचा अधिकार कोठून मिळतो, हा प्रश्न राजकीय तत्त्वज्ञ जोसेफ कारेन्स यांनी १९८७ साली खुल्या सीमांची बाजू मांडली तेव्हाही गैरलागू झाला नव्हता. परंतु श्लोकाचे उत्तर नात्याचे आहे : तू माझ्या कुटुंबातला, म्हणून ये. कांटला परका परकाच राहून हक्कदार हवा आहे. शीर्षक द्यायचेच असेल, तर माझे मत ‘अज्ञातकुलशील’ला.

व्यवहारातल्या दोन शब्दांची याला जोड द्यावी लागेल. ‘निर्वासित’ माणूस कशातून उखडला गेला ते सांगतो, ‘शरणार्थी’ तो काय मागतो ते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे १३ वे कलम कोणताही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क देते, १४ वे छळापासून आश्रय मागण्याचा. दुसऱ्या देशात प्रवेश मिळण्याचा सर्वसाधारण हक्क कोठेच नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचे ३३ वे कलम, जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल अशा ठिकाणी परत धाडण्यास मनाई करते आणि कांटच्या ‘नाश ओढवणार नसेल तरच’ या अटीच्या अगदी जवळ येते. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. म्हणून या कलमांबद्दल लिहिताना ‘शरणार्थी’ आणि कांटबद्दल लिहिताना ‘अभ्यागत’ ठेवावा. ‘स्थलांतरित’ हा शब्द दोघांसाठीही सैल पडतो, कारण कोल्हापूरहून पुण्याला गेलेला माणूसही त्यात बसतो, आणि त्याला राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने देशात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क आधीच दिलेला आहे.