राजदूत पुढे कुलगुरू झाल्याचं उदाहरण आहे का?

आहे की! आपले माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन. तुम्ही मुंबई विद्यापीठात, कलिन्याला राज्यशास्त्र शिकताय म्हणून मुद्दाम सांगतो, ते तरुणपणी पत्रकार होते आणि एप्रिल १९४५ मध्ये त्यांनी गांधीजींची मुलाखत घेतली ती आपल्या मुंबईतच. मग टाटांच्या मदतीवर लंडनला शिक्षण, १९४९ मध्ये परराष्ट्र सेवा. १९७६ साली चीनला गेले. १९६२च्या युद्धानंतर तिथे गेलेले ते पहिले भारतीय राजदूत. मला त्यांचं हे काम सगळ्यात मोलाचं वाटतं. १९७९ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण १९८० मध्ये पुन्हा राजदूत, अमेरिकेत! आपले गणितज्ञ रँग्लर परांजपेसुद्धा ऑस्ट्रेलियात उच्चायुक्त, म्हणजे राष्ट्रकुल देशातले राजदूतच होते, नंतर १९५६ पासून पुणे विद्यापीठाचे कुलगुरू.