नासचा 'इलमॅटिक': मामाची जुनी सीडी ठेवू की नवं रीमास्टर ऐकू?

प्रश्न: दादा, मी भुसावळचा, कॉलेजात आहे, अहिराणीत रॅप लिहितो. मामाच्या जुन्या सीडीवर अमेरिकन रॅपर नासचा 'इलमॅटिक' हा अल्बम ऐकत मोठा झालो. आता मोबाईलवर त्याचं नवं रीमास्टर 'इलमॅटिक एक्सएक्स' ऐकलं, आवाज मोठा वाटला पण बाकी फरक काही कळेना. मित्र म्हणतो जुनं फेक, नवंच खरं. तुम्ही काय म्हणता?

उत्तर: भाऊ, सीडी फेकू नको रे!

रीमास्टर म्हणजे गाणी परत रेकॉर्ड केलेली नसतात, रीमिक्सही नसतं. बीट आणि आवाज आधीच मिसळून तयार झालेली जी शेवटची टेप असते ना, तिच्यावरच काम करतात, बेस थोडा वर, कुठे तिखटपणा कमी, आणि एकूण आवाज चढवतात. आता गंमत अशी की मोठा आवाज कानाला पहिल्या फटक्यात चांगलाच वाटतो, म्हणून आधी दोन्हीचा आवाज सारखा कर, जुन्याचा वाढव, मग हेडफोनवर नुसता ड्रमचा दणका ऐक, तो नव्यात दबलाय का मोकळा झालाय ते तुझं तुलाच कळेल.

आणि अल्बममध्ये जी खरखर आहे ती दोष नाहीये. १९९४ ला हा अल्बम आला तेव्हा बीट जुन्या रेकॉर्डींचे तुकडे कापून बनायचे. 'द वर्ल्ड इज युअर्स'मधला पियानो जॅझवाल्या अहमद जमालचा, बीट बनवणाऱ्या पीट रॉकने उचललेला. त्या काळात एसपी-१२०० नावाचं सॅम्पलर, म्हणजे असे तुकडे साठवून वाजवायचं यंत्र, लई चालायचं, १२ बिटचं म्हणजे कमी बारकाईचं, सगळे तुकडे मिळून जेमतेम १० सेकंद मावायचे त्यात, म्हणून आवाज असा जाडाभरडा यायचा. आपण भरताचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजतो, त्याचा धूर कोणी धुऊन काढतं का?

'एक्सएक्स' २०१४ चं आहे आणि मला विचारशील तर त्याची खरी कमाई दुसऱ्या डिस्कवर आहे. 'आय अॅम अ व्हिलन' हा तोवर बाहेर न आलेला डेमो म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, आणि १९९३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओवर केलेलं फ्रीस्टाइल. अल्बम यायच्या आधीचा, विशीच्या आसपासचा नास, ते दोन्ही वहीपेन घेऊन ऐक.

मूळ अल्बम तर १० ट्रॅक, ४० मिनिटंसुद्धा नाही, त्यात एक नुसता इंट्रो. पण न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजच्या, नासच्या सरकारी वसाहतीतले जिने, बाकडे, तुरुंगातल्या मित्राला लिहिलेली पत्रं, सगळं तिथल्याच बोलीत. नासचा बाप ओलू दारा, त्याचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) पण आहे एका गाण्यात. २०२१ ला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा अल्बम जपायच्या यादीत घेतला, ते एवढ्या जवळून आपली गल्ली सांगितल्यामुळेच असं मला मनापासून वाटतं. तू पण अहिराणी सोडू नको.

आणि एक काम आजच कर, तुझ्या गाण्यांचे आवाज आणि बीटचे वेगवेगळे ट्रॅक वेव्ह फाइलमध्ये (म्हणजे आवाज न दाबलेल्या मूळ फाइलमध्ये) दोन ठिकाणी ठेव, नुसती व्हॉट्सअॅपवर पाठवलेली एमपीथ्री उरली तर पुढे त्यातून आवाज आणि बीट नीट वेगळे करून दुरुस्त करणं फार अवघड जातं.