प्रदर्शनात आधी उभा छेद शोधा

पहिल्यांदाच वास्तुकला प्रदर्शनाला जाताय, तर सगळी दालनं पाहून संपवायचा हट्ट धरू नका. दोन-तीनच निवडा, पण तिथे ठिय्या द्या. चकचकीत संगणकीय चित्रांपुढे गर्दी असते. तुम्ही इमारतीचा उभा छेद शोधा, म्हणजे इमारत वरून खाली कापली तर आत काय दिसेल ते दाखवणारं रेखाचित्र. ऊन कुठून आत येतं, वारा कुठून बाहेर पडतो, भिंत किती जाड आहे, हे तिथेच कळतं. प्रतिकृती असेल तर वाकून रस्त्यावरच्या माणसाच्या उंचीवरून बघा. वरून देखणा वाटणारा चौक तिथून कधीकधी अगदी ओसाड दिसतो.

शाश्वततेचा दावा दिसला की साहित्य कुठून आलं आणि प्रदर्शन संपल्यावर त्याचं काय होणार, हे बिनधास्त विचारा. व्हेनिसच्या २०२३ च्या वास्तुकला बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात, जर्मनीच्या दालनाने आदल्या वर्षीच्या कला बिएनालेतलं उरलेलं सामान गोळा करून वापरलं होतं. मला ते फार मोलाचं वाटतं. तिथे बोलणं आणि करणं एकच होतं. नुसतं गवत लावलेलं छप्पर दाखवलं, तर भुलू नका.

व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं बहुधा नंतरही मिळतात. जाणकारांसोबतची शहरातली पायी फेरी मात्र चुकवू नका, आणि जाताना वही-पेन्सिल न्या.