आई-बाबा पहिल्यांदाच लांबच्या विमानप्रवासाने मुलाकडे परदेशी चाललेत. पोहोचल्यावर झोपेची घडी लवकर कशी बसेल?

पोहोचल्या दिवसापासूनच तिथल्या घड्याळाप्रमाणे जेवायचं-झोपायचं आणि दिवसा भरपूर वेळ बाहेर उजेडात घालवायचा, हाच सगळ्यात भरवशाचा उपाय. शरीराचं घड्याळ मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर चालतं आणि साधारण एका दिवसात एखादाच तास सरकतं. त्यामुळे आठ-नऊ तासांचा फरक असेल तर आठवडाभर धरूनच चाला. पूर्वेकडे जाताना जास्त जड जातं, कारण तेव्हा शरीराला नेहमीपेक्षा लवकर झोपायला लावावं लागतं. दुपारी डोळे मिटायलाच लागले तर वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी पुरे, तीही गजर लावून. दोन तास झोपलात की रात्र गेलीच. पहाटे तीनला टक्क जाग येईल, तेव्हा मोबाईल नको, मंद दिव्यात शांत पडून राहा. मुलांनीही पहिले दोन-तीन दिवस पाहुणे, फिरणं ठरवू नये, ही माझी कळकळीची विनंती. फक्त इन्सुलिन किंवा ठरल्या वेळेची औषधं चालू असतील, तर वेळा कशा बदलायच्या ते निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.