'मतांगीकार'मधलं मत म्हणजे माझं मत का?

प्रश्न असा आलाय. सोलापुरातल्याच एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचं शिबिर आहे, विषय कोअर डॉक्ट्रिनचं महत्त्व, म्हणजे ख्रिस्ती विश्वास आणि मंडळीचं रोजचं जगणं ज्याच्यावर उभं आहे ते. पोरांनी फ्लेक्सवर 'मूलभूत सिद्धांताचे महत्त्व' टाकायला दिलं. त्यावर एका रिटायर्ड गुरुजींनी हरकत घेतली, सिद्धांत गणितात असतो, आपल्यात शिकवण असते. दुसरे एक काका म्हणाले, सरळ मतांगीकार (म्हणजे क्रीड, आपण काय मानतो ते उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायचं) लिहा की ओ, दर रविवारी उभं राहून म्हणतोच आपण. तर एक पोरगी म्हणाली, पण काका मत म्हणजे ओपिनियन ना, मग ते उद्या बदलू पण शकतं. यावर सगळे गप्प. आता विचारणाऱ्याचं म्हणणं, यात बरोबर कोण आणि 'कोअर'ला मराठीत काय म्हणायचं.

आधी त्या पोरीचं घेऊ, कारण तिनं नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंय. आज आपल्याकडं मत दोनच ठिकाणी उरलंय, एक 'माझं मत असं आहे' आणि दुसरं निवडणुकीतलं 'आपले अमूल्य मत'. दोन्हीत ते एकट्या माणसाचं असतं आणि लहर फिरली की फिरतं. पण मूळ शब्द मन् धातूवरनं आलेला, मत म्हणजे मानलेलं, आणि जुन्या वापरात ते एकट्याचं नसायचंच, एखाद्या परंपरेनं पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवलेली शिकवण म्हणजे मत. अद्वैतमत, जैनमत, मतप्रवर्तक, मतानुयायी हे सगळे शब्द त्या अर्थानंच चालतात, अद्वैतमत म्हणजे कुणाला सकाळी चहा पिता पिता वाटलेलं काहीतरी नव्हे. मतांगीकारातलं मत हे त्या घरातलं आहे.

आणि खरं सांगू का, त्या शब्दात वजन मतापेक्षा अंगीकारावर जास्त आहे. स्वीकार आणि अंगीकार ही जुळी भावंडं बघा. जे स्वतःचं नव्हतं ते स्वतःचं करणं म्हणजे स्वीकार, जे अंगाचं नव्हतं ते अंगाचं करणं म्हणजे अंगीकार. मधला तो दीर्घ ई हीच गंमत आहे, आधी नव्हतं ते तसं करणं हे तो सांगतो, एकीकरण, शुद्धीकरण यातही तोच. मंडळीतला आणखी एक शब्द याच साच्यातला आहे, दृढीकरण. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेला असतो, तेव्हा आईबापांनी आणि मंडळीनं त्या लेकराच्या वतीनं बोललेलं असतं, मग पोरगं जरा जाणतं झालं की पाळकसाहेबांकडं बसून प्रश्नोत्तरावली शिकतं आणि मंडळीपुढं उभं राहून तेच स्वतःच्या तोंडानं म्हणतं, म्हणजे दुसऱ्यांनी बोललेलं होतं ते अंगाचं होतं. मराठीत आपण म्हणतो ना, खातो भरपूर पण अंगाला लागत नाही. तसं मतांगीकार नुसता पाठ असणं वेगळं आणि तो अंगाला लागणं वेगळं.

पाठांतराचीच गोष्ट सांगतो. लहानपणी आम्ही तो धडाधड म्हणायचो, श्वास न घेता, आणि त्यात 'पंतय पिलात' आलं की मला वाटायचं हे कुणीतरी पंत आहेत, धोतर, पगडी, बाराबंदी असा एक पंत माझ्या डोळ्यापुढं बरीच वर्षं उभा होता. आजीला विचारलं हे पंत कोण, तर आजी म्हणाली सुभेदार होता रोमचा, गप म्हण पुढचं. मोठेपणी कळलं की एवढ्याशा मजकुरात, जिथं देव, सृष्टी, पापांची क्षमा असल्या प्रचंड गोष्टी एकेका ओळीत उरकल्यात, तिथं या मधल्या अधिकाऱ्याला जागा का दिली. कारण त्या नावानं सगळं तारखेला बांधलं जातं. ख्रिस्त क्रुसावर मेला हे एखादं सुंदर रूपक म्हणून सांगितलेलं नाही, अमक्या सुभेदाराच्या कारकिर्दीत घडलेली गोष्ट म्हणून सांगितलंय. बायबलात प्रेषित पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात हेच म्हटलंय, मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, आणि ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणंही फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. याला ओपिनियन म्हणता येत नाही. एकतर घडलंय, नाहीतर घडलेलं नाही.

इंग्रजीतला क्रीड हा शब्द लॅटिन क्रेदो वरनं येतो, क्रेदो म्हणजे मी विश्वास धरतो. आणि हा क्रेदो आपल्या श्रद्धेचा सख्खा नातलग आहे, श्रत् अधिक धा, दोन्ही एकाच मूळ शब्दातनं फुटलेत असं भाषाशास्त्रवाले सांगतात. मतांगीकाराला काही जण विश्वासांगीकार म्हणतात ते त्यामुळं मला आवडतं, पोरीची अडचणही त्यात आपोआप सुटते. आपल्या गावातल्या तेलुगु मंडळीत हेच 'विश्वासप्रमाणमु' आहे. प्रमाण हा शब्द तर अजूनच झकास, पण तो मराठीत आणला तर लोक दाखला मागायला येतील.

आता गुरुजींकडं येतो. सिद्धांत म्हणजे सिद्ध झालेला अंत, वाद घालून घालून शेवटी जिथं पोचलो ते. त्यामुळं तो शब्द चुकीचा मुळीच नाही, नायसियाच्या सभेत, म्हणजे बिशप लोकांच्या मोठ्या बैठकीत, 325 साली जे झालं ते अगदी असंच होतं. एरियस नावाचा एक धर्मगुरू म्हणत होता की पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा कितीही थोर असला तरी निर्माण केलेला, आणि सभेनं ठरवलं की नाही, पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा. पुढं कित्येक वर्षं भांडण चाललं ते 'त्याच तत्त्वाचा' की 'तसल्याच तत्त्वाचा', ग्रीकमध्ये दोन शब्दांत फक्त एका अक्षराचा फरक, होमोऊसिओस आणि होमोइऊसिओस. लोक हसतात की एका अक्षरासाठी एवढं. सोलापूरकरानं तरी हसू नये, नव्या पेठेत दुकानदार 'तसलीच आहे घ्या की' म्हणला की आपण चादर उलटी करून बघतोच ना, तीच आणि तसलीच यातला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. इथं तर प्रश्न असा होता की ज्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो, ज्याची प्रार्थना करतो, तो देव आहे का देवासारखा. तसलाच असेल तर रविवारची सगळी उपासनाच चुकीच्या पत्त्यावर चालली.

पण गुरुजींचं 'शिकवण'ही सोडायचं नाही. डॉक्ट्रिन हा शब्द लॅटिनमधल्या शिकवणे या क्रियापदावरनंच आलाय, डॉक्टरही त्यातलाच, मुळात शिकवणारा. गोव्यात तर हा शब्द थेट कोंकणीत मुरला, लहान पोरांच्या धर्मशिक्षणाला तिथं दोतोर्न म्हणतात, पोरगं दोतोर्नला गेलंय. इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांचं कोंकणीतलं 'दौत्रिना क्रिस्तां' 1622 साली छापलं गेलं ते असल्या प्रश्नोत्तरांचंच पुस्तक.

मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, याला एक तिसराच शब्द आहे, सुशिक्षण. तीमथ्य आणि तीताच्या पत्रांत येतो, लोक सुशिक्षण ऐकून घेणार नाहीत वगैरे. आज ऐकलं की वाटतं चांगल्या शाळेत ॲडमिशन मिळणार नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे निरोगी शिकवण, हायजीन ज्या मुळातनं आला त्याच मुळातला. म्हणजे शिकवण बरोबर का चूक एवढाच मुद्दा नव्हता, ती खाऊन माणूस आणि मंडळी धडधाकट राहते का आजारी पडते हा होता. पुन्हा अंगाला लागण्यापाशीच आलो बघा. प्रार्थनेला पैसे टाका म्हणजे नोकरी लागेल असं शिकवणारे आपल्याकडंही येऊन जातात, त्यांच्यामागं लागलेली घरं बघितली की 'निरोगी' हा शब्द का वापरलाय ते कळतं.

राहिला कोअर. सगळंच कोअर म्हणलं की कोअरला अर्थ राहत नाही. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्त खरा देव आणि खरा माणूस, त्याचं मरण आणि पुनरुत्थान, कृपेनं तारण, हा गाभा. बाप्तिस्मा शिंपडून का बुडवून यावर मी लग्नं मोडताना बघितलीत, पण 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य करून पुढं गेले. गाभा एक आहे हे पक्कं होतं म्हणून बाकीच्यावर ढील देता आली. (मंडळी या शब्दाबद्दल स्वतंत्रच लिहायला पाहिजे, आमच्याकडं 'मंडळी गावाला गेलीय' म्हणलं की पाळकसाहेब चर्च रिकामं समजतात आणि शेजारी बायको माहेरी.)

आणि अंगीकार करायला लावता येत नाही, करावा लागतो, हे पंडिता रमाबाईंवरनं दिसतं. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला तरी चर्च म्हणतं म्हणून हे माना हे त्यांना पटेना, त्रैक्यावरनंसुद्धा तिथल्या मठातल्या सिस्टर मंडळींशी पत्रापत्री करून वाद घातले. पण त्याच बाईंनी पुढं केडगावला बसून आख्खं पवित्र शास्त्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायला उरलेलं आयुष्य घातलं, ते 1924 ला, त्यांच्या मागं छापून आलं. असल्या माणसाचा अंगीकार उशिरा होतो पण कच्चा राहत नाही, आणि शिबिरात प्रश्न विचारणाऱ्या पोरीला गप्प बसवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

तर फ्लेक्सवर माझ्या मते, म्हणजे ओपिनियनवालं मत, 'ख्रिस्ती विश्वासाचा गाभा' लिहा. मूलभूत म्हणलं की मूलभूत सुविधा आठवतात, पाणी चार दिवसाआड येतं ते. खाली बारीक अक्षरात 'मूळ शिकवण आणि मंडळीचं जीवन' टाका, गुरुजीही खूष. सिद्धांतच ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण फोटो पाठवलाय त्यात प्रिंटरवाल्यानं 'सिध्दांत' केलंय, ध अर्धा आणि द पूर्ण. आधी द् येतो, त्याला ध जोडायचा. तेवढ्या अक्षरावर कागद चिकटवला तरी चालेल, सगळा फ्लेक्स परत काढू नका.