पाणी कुणाला कसं लागतं

प्रिय पोरी,

तुझी वही वाचली. एका रकान्यात शीळकरी कस्तुर पक्षी, दुसऱ्यात चतुर. रंग, लांबी, खाणं, सगळं समोरासमोर मांडलंयस. मेहनत दिसते. पण नुसते रकाने भरून तुलना होत नाही गं. दोघांना एकच प्रश्न विचार आणि त्याचाच माग काढ. मी पाण्याचा विचारला असता. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात राहून दुसरं काय विचारायचं!

कस्तुराला वाहतं पाणी हवं. जांबोटी-कणकुंबीकडच्या ओढ्यांवर तो वर्षभर राहतो, पाण्याशेजारच्या कपारीत घरटं करतो, खेकडे-गोगलगायी दगडावर आपटून खातो. पहाटे अंधारातच त्याची शीळ सुरू होते. शाळेच्या वाटेवरचा पोरगा मनाला येईल तशी घालतो ना, अगदी तशी.

चतुराचं उलटं. भात पोटरीला आलं की शेतावर घिरट्या घालणारा तुझा तो पिवळसर चतुर, शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स. त्याला आटणारं पाणी चालतं. पावसाच्या डबक्यात मासे नसतात, म्हणून पिल्लं वाचतात. पण डबकं सुकायच्या आत, दीड-दोन महिन्यांत, त्यांना पंख फुटून बाहेर पडावं लागतं. मग पुढच्या पावसामागे जायचं. मालदीवमधल्या नोंदींवरून जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं, की हे चतुर भारतातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिका गाठतात. जेमतेम पाच सेंटिमीटरचा जीव! गेलेला परतत नाही, पुढच्या पिढ्या येतात.

एकदा स्टँडबाहेर एका काळ्या गाडीच्या टपावर चतुराची मादी पोटाचं टोक पुन्हापुन्हा टेकवताना पाहिली. चकाकत्या पत्र्यावरून येणारा प्रकाश तिला पाण्यासारखा भासतो. अंडी उन्हात वाळणार, हे कळत असूनही मला काही करता येईना. अर्धा तास तिथंच उभा राहिलो. ही नोंद तुझ्या कुठल्या रकान्यात बसेल, सांग.

पंखांचं दोन ओळींत उरक: पक्ष्याचा पंख म्हणजे बदललेला हात, चतुराचा तसा नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत ये. शीळ तेव्हा कमी ऐकू येते, पण ओढ्यावर कस्तुर दिसेल. दुपारी शेतावर जाऊ. मोजे उंच घाल, जळवा अजून असतील.

तुझा,
काका