मदरबोर्ड बदलण्याआधी जुन्या बोर्डाचा हिशेब

ठाण्याच्या वर्तकनगरमध्ये राहणाऱ्या आणि ऐरोलीत नोकरी करणाऱ्या २७ वर्षांच्या एका वाचकाने विचारले आहे: २०१९ मध्ये जोडलेल्या माझ्या गेमिंग संगणकात बी४५० मदरबोर्ड (संगणकाचे सारे भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य फलक), रायझन ५ २६०० प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड आहे. नवे गेम अडखळतात. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने एक्स८७० मदरबोर्ड २६,०००, प्रोसेसर २१,००० आणि ३२ जीबी डीडीआर५ रॅम २५,००० असे ७२,००० रुपयांचे कोटेशन दिले आहे. बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर हे घ्यावे का आणि तोवर पाच हजारांची एसआयपी थांबवावी का?

तुम्ही पत्रात लिहिले आहे की चांगला बोर्ड एकदा घेतला की पुढे बरीच वर्षे केवळ प्रोसेसर बदलून भागते. हे म्हणणे खोटे नाही. एक्स८७० बोर्डावर असलेले एएमडी या प्रोसेसर कंपनीचे एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची खाच) २०२२ मध्ये आले आणि निदान २०२७ पर्यंत त्याला साथ देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. मात्र हीच सोय तुम्ही २०१९ मध्ये पैसे मोजून घेतली होती आणि ती आजतागायत वापरलेली नाही. तुमच्या बी४५० बोर्डावरील एएम४ सॉकेटमध्ये, बायोस (बोर्डातील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यास, २०२० पासून आलेले रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसर बसतात. म्हणजे भविष्यातील बदलाची सोय म्हणून आज २६,००० रुपये देण्यापूर्वी, आधीच घेऊन ठेवलेली तीच सोय वसूल करणे हा हिशेबाचा पहिला भाग ठरतो.

मदरबोर्ड स्वतः गेमचा वेग वाढवत नाही, ही गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. वेग ठरवतात ते ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर. बोर्डाकडून आपल्याला हवे असते ते प्रोसेसरला स्थिर वीज मिळणे, पुरेशी जोडणी आणि पुढच्या बदलाला वाव. त्यामुळे जो गेम अडखळतो त्यातच एक बिनखर्चाची चाचणी करा: रिझोल्यूशन आणि ग्राफिक्सची पातळी बरीच खाली आणा. फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रे) लगेच वाढल्या तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे, आणि तसे असेल तर ७२,००० रुपये खर्चूनही तुमचा मूळ त्रास जवळजवळ तसाच राहील, कारण त्या कोटेशनमध्ये कार्ड नाहीच. फ्रेम तितक्याच राहिल्या तर प्रोसेसर कमी पडतो आहे, आणि तेव्हा रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५७००एक्स यांचा विचार करावा. यांपैकी ५७००एक्ससाठी तुम्ही १५,००० रुपयांचा भाव कळवला आहे. त्याच्या खोक्यात कूलर येत नाही, एवढे लक्षात ठेवा.

आता पैशांकडे वळू. हाती ४८,००० येतात. त्यांतून घरी १५,०००, स्वतःचा खर्च १२,०००, दुचाकीचा हप्ता ४,२०० आणि एसआयपी ५,००० जाऊन ११,८०० उरतात. तेव्हा ६,००० चा हप्ता तुम्हाला झेपणार नाही असे मी म्हणणार नाही, आणि त्यासाठी एसआयपी थांबवण्याचे तर कारणच दिसत नाही. माझी खरी चिंता आहे ती अडीअडचणीसाठी तुमच्या मुदत ठेवीत असलेले ९०,००० रुपये अपुरे असण्याची. एसआयपी वगळता तुमचा न टाळता येणारा मासिक खर्च ३१,२०० आहे, म्हणजे ही रक्कम तीन महिनेही पुरत नाही. सहा महिन्यांसाठी १,८७,२०० लागतील. अशा स्थितीत आणखी एक वर्षाचा हप्ता बांधून घेतला आणि नोकरीत काही खळबळ झाली, तर दुचाकी आणि संगणक हे दोन्ही हप्ते त्याच ठेवीतून भरावे लागतील.

‘नो कॉस्ट’ या शब्दांवरही फार विसंबू नये. रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याजाच्या योजनांना २०१३ मध्येच मनाई केलेली आहे. बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट आधी देऊन आकडा जुळवतो. बँकेने १५ टक्के व्याज धरले तर ६,००० च्या बारा हप्त्यांत सुमारे ५,५०० रुपये व्याज असते. त्यावरील १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास १,००० रुपये, तुमच्या खिशातून जातात. प्रक्रिया शुल्क निराळे. रोखीने घेणाऱ्याला ती सूट मिळेल का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. उत्तर देताना तो घुटमळला तर हप्त्याची किंमत तुम्हाला कळलीच.

रॅम आणखी महागेल म्हणून घाई करावी, हा तुमचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, कारण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव खरोखरच चढले आहेत. परंतु एएम५ बोर्डावर डीडीआर४ चालत नाही. बोर्ड बदलताच तुमची चालू स्थितीतील १६ जीबी रॅम निरुपयोगी होते आणि चढ्या भावाने नवी घ्यावी लागते. जुना बोर्ड ठेवला तर या बाजारात शिरावेच लागत नाही. त्याची एक मर्यादा मात्र मान्य करतो: बी४५० वर पीसीआयई (बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांमधील जोडणी) ही जुन्या ३.० आवृत्तीचीच आहे, त्यामुळे पुढे आरटीएक्स ४०६० सारखे या जोडणीतील आठच लेन, म्हणजे मार्गिका, वापरणारे कार्ड घेतले, तर काही गेममध्ये थोडा वेग गमवावा लागेल. त्या थोड्या वेगासाठी ७२,००० मोजावेत असे मला वाटत नाही.

गेमचे व्हिडिओ करून उत्पन्न मिळवण्याचा तुमचा विचार चांगला आहे; पहिली कमाई खात्यात येईपर्यंत मात्र हा खर्च हौसेच्याच खात्यात मांडावा. हौसेला माझा विरोध नाही.

म्हणून माझे मत असे की, चाचणीत प्रोसेसरच दोषी ठरला तर दोन महिन्यांच्या शिल्लकेतून तो रोखीने घ्यावा. त्यानंतर दरमहा ६,००० आवर्ती ठेवीत टाकावेत आणि उरलेली शिल्लक, तसेच नऊ महिन्यांनी दुचाकीचे कर्ज फिटल्यावर सुटणारे ४,२००, आपत्कालीन निधीकडे वळवावेत. वर्षभराने ७२,००० हाती असतील. तेव्हाही एक्स८७० ऐवजी बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा (बोर्डावरील जोडण्या सांभाळणाऱ्या चिपचा) बोर्ड पाहावा, कारण एकच ग्राफिक्स कार्ड आणि एक-दोन एसएसडी वापरणाऱ्याला महागड्या चिपसेटच्या जादा जोडण्यांचा उपयोग होत नाही. शिवाय विंडोजचा ओईएम परवाना, म्हणजे एकाच संगणकापुरता दिलेला परवाना, मदरबोर्डाशी बांधलेला असतो. तुमचा तसा असेल तर नव्या परवान्याचा खर्चही त्या वेळी धरावा लागेल.

प्रोसेसर घेण्याआधी बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलची प्रोसेसर-यादी आणि आवश्यक बायोस आवृत्ती तपासा. बायोस जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच आणि शक्यतो यूपीएसवर अद्ययावत करा. मध्येच वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो. संगणक नव्या बायोसवर नीट सुरू झाल्याचे पाहिल्यावरच दुकानदाराला पैसे द्या.